न बघता काढलेला हात

चित्र काढायला सगळ्यात अवघड वस्तू कुठली, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, स्वतःचा हात. झाड कसंही आलं तरी खपून जातं. एखादी फांदी इकडची तिकडे झाली म्हणून कुणी जाब विचारत नाही. चेहरा बिघडला तर 'हा दुसऱ्याच कुणाचा आहे' म्हणून वेळ मारून नेता येते. हाताचं तसं नाही. तो फसला की फुगवलेल्या रबरी हातमोज्यासारखा दिसतो आणि लहान पोरसुद्धा सांगतं, की इथे काहीतरी गडबड आहे.

याचं कारण सोपं आहे. हात आपल्याला माहीत असतो. पाच बोटं, तळवा, मनगट. डोळे समोरच्या हाताकडे नीट वळायच्या आतच डोकं आपल्याकडचं तयार चित्र पुढे करतं आणि म्हणतं, घे, हे काढ. आपल्या दिशेने रोखलेलं बोट प्रत्यक्षात आखूड, गोलसर दिसत असतं. पण बोट लांब असतं हे डोक्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे आपण ते ओढून ताणून लांब करतो. समोर आहे एक, कागदावर उतरतं दुसरंच. आपण काढतो ती आपली समजूत.

या दुखण्यावर एक जुना उपाय आहे. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये किमॉन निकोलाइडीस नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. ते १९३८ मध्ये गेले आणि त्यांची शिकवण्याची पद्धत १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातला एक सुरुवातीचा धडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला निव्वळ वेडगळ वाटला होता. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवायचं, नजर समोरच्या वस्तूच्या कडेवर ठेवायची, आणि हे टोक कागदाला नाही तर त्या वस्तूलाच लागलं आहे असं आतून वाटेपर्यंत थांबायचं. मग नजर आणि पेन्सिल एकाच चालीने, अगदी सावकाश, कडेकडेने पुढे न्यायची. नजर पेन्सिलीच्या पुढे पळता कामा नये. आणि रेघ चालू असताना कागदाकडे बघायचं नाही.

मी उजव्या हाताने डावा हात काढते. तो समोर टेबलावर थोडासा मिटलेला ठेवते आणि अंगठ्याच्या नखापासून सुरुवात करते. नखाच्या बुडाशी फिकट अर्धचंद्र आहे, त्याची कड कुठे संपते ते नेमकं सांगता येत नाही. नखाच्या बाजूची त्वचा किंचित वर आलेली. तिथून पेन्सिल अंगठ्याच्या पेरावर येते आणि अडखळते, कारण लांबून एक वाटलेली घडी जवळून पाहिली की तीन-चार होतात; त्यांतली एक मध्येच विरते, दुसरी फाटा फोडून शेजारणीला मिळते. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक पांढुरका व्रण आहे. तो कसा झाला ते आठवत नाही. मनगटाकडे जाणारी शीर हात खाली सोडला की टरारून फुगते आणि वर उचलला की नाहीशी होते, म्हणजे जिचं चित्र काढायचं तीच जागेवर नाही. हे सगळं वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

असं थोडा वेळ चाललं की एक गंमत होते. 'हात' हे नावच गळून पडतं. उरते फक्त एक कड, तिची वळणं, तिचे चढउतार. तो हात सुंदर आहे की जून, बोटं निमुळती आहेत की ठेंगणी, हा प्रश्न उठतच नाही. उठायला त्याला फटच मिळत नाही.

कागदावर जे उमटतं ते मात्र हास्यास्पद असतं. रेघेची दोन टोकं भेटत नाहीत, अंगठा मनगटाच्या पलीकडे जाऊन बसतो, करंगळीला सहा पेरं असतात. एका मैत्रिणीने असलं एक चित्र पाहून 'खेकडा छान आलाय' म्हटलं होतं. तिचं काही चुकलं नाही. पण त्या खेकड्यात कुठेतरी, बहुधा सांध्याजवळ, इंच-दीड इंच रेघ अशी असते की ती मला जमली यावर माझाच विश्वास बसत नाही. तिच्यात हाड जाणवतं, वरची सैल कातडी जाणवते. डोळे वटारून, खोडरबर घासून काढलेल्या माझ्या कुठल्याही 'बऱ्या' चित्रात तसली रेघ नाही.

असं का होत असावं? माझं उत्तर असं की, प्रत्येकाच्या खांद्यावर एक परीक्षक बसलेला असतो. रेघ अर्धी झाली नाही तोच तो गुण द्यायला लागतो. बरी आहे, वाकडी आहे, अमक्याची यापेक्षा चांगली असते. कागदाकडे बघायचंच नाही म्हटल्यावर बिचाऱ्याला तपासायला काही उरत नाही. थोडी कुरकुर करून तो पेंगायला लागतो. त्या तेवढ्या वेळात जे होतं, त्याला मी माझ्यापुरतं अध्यात्म म्हणते. शब्द मोठा आहे, जाणून वापरते आहे.

'स्वतःचा स्वीकार करा' हा सल्ला आजकाल उठता-बसता ऐकू येतो. आरशासमोर उभं राहा, स्वतःला सांगा की तू आहेस तशी छान आहेस. ज्यांना याचा उपयोग होतो त्यांनी जरूर करावं. मला मात्र या उपायाची शंका येते, कारण त्यात नजर पुन्हा स्वतःवरच खिळते आणि पुन्हा गुणच दिले जातात. फक्त परीक्षक जरा उदार झालेला असतो. दहापैकी चार देणारा उद्यापासून नऊ देईल. पण उत्तरपत्रिका त्याच्याच हातात राहिली की! आणि जो नऊ देऊ शकतो तो मनात आलं की पुन्हा चारावर आणू शकतो, हे आपल्याला आतून माहीत असतं. म्हणून असल्या स्वीकाराला दिवसभर टेकू द्यावे लागतात.

या बाबतीत मला मॅरियन मिल्नर फार जवळची वाटते. ही ब्रिटिश बाई पुढे मनोविश्लेषक झाली, पण त्याच्या आधी, १९२६ मध्ये, तिने एक साधा उद्योग सुरू केला होता. आपल्याला नेमका कशाने आनंद होतो ते रोजच्या रोज लिहून ठेवायचं. तिच्या हाती लागलं ते असं, की लक्ष देण्याचे दोन प्रकार असतात. एक अरुंद. त्यात आपल्याला काहीतरी हवं असतं आणि त्याच्या कामाचं तेवढंच दिसतं, बाकीचं गाळलं जातं. दुसरं रुंद. त्यात काही मिळवायचं नसतं, म्हणून काही गाळायचंही नसतं. पहिल्याशिवाय रस्ता ओलांडता येणार नाही की हिशेब करता येणार नाही. पण तिला मनापासून आनंद झाल्याच्या नोंदी दुसऱ्या प्रकाराशी जोडलेल्या निघाल्या.

पुढे १९५० मध्ये तिने चित्र काढता न येण्यावरच एक अख्खं पुस्तक लिहिलं. चित्र कसं काढावं हे सांगणारी पुस्तकं ढिगाने मिळतात. ते का येत नाही याचा कुणी इतका चिकाटीने पाठपुरावा केलेला मला तरी माहीत नाही. ठरवून, नीट बघून, मेहनतीने काढलेली तिची चित्रं निर्जीव यायची. हात मोकळा सोडला, येईल ते येऊ दिलं, की कागदावर काहीतरी जिवंत उमटायचं. मात्र ते तिने ठरवलेलं नसायचं. एकदा ती उन्हाळ्यातली प्रसन्न सकाळ काढायला बसली आणि कागदावर पेटलेलं रान आलं. वणवा.

मला या प्रसंगाने बरंच काही शिकवलं. कारण आपण आत डोकावायचं ठरवतो तेव्हा मनात चित्र असतं ते प्रसन्न सकाळीचं. आत शांत तळं असेल, मंद उजेड असेल, बसलं की झालं. मी जेव्हा गप्प बसून आत पाहिलं तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं ते सांगते. हिशेब. कोण काय बोललं, त्यावर मी काय बोलायला हवं होतं. त्याच्यामागे मत्सर. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एकीचं काम लोक आवडीने बघतात याचा मला झालेला, चेहऱ्यावर कधी न दाखवलेला जळफळाट. त्याच्याही मागे एक जुनाट भीती, की माझ्याकडे देण्यासारखं काही नाहीच, हे एक दिवस सगळ्यांना कळेल. अंतर्यामी परमेश्वर वसतो म्हणतात. वसत असेल, पण त्याच्या दारात ही एवढी गर्दी आधी भेटते.

या गर्दीला हाकलता येत नाही. मी तिच्याकडे त्या अंगठ्याच्या घड्यांकडे बघते तसं बघायचा प्रयत्न करते. ही एक वळी, ही इथून निघाली, इथे विरली. मत्सराला कड असते. तो सगळीकडे पसरलेला वाटतो, पण सावकाश त्याच्या कडेने गेलं की कळतं, तो अमुक एका व्यक्तीबद्दल, अमुक एका गोष्टीपुरता आहे. त्याच्या पलीकडे तीच मैत्रीण मला आवडतेही. असं पाहिल्याने मत्सर जातो का? नाही. पण तो माझ्याएवढा मोठा राहत नाही. रेघेचा सराव इथे कामाला येतो असं मला वाटतं. निदान माझ्या बाबतीत आधी पेन्सिल आली आणि मग हे.

आता ज्या रेघेचा एवढा गाजावाजा करते आहे तिच्याबद्दल. माझी रेघ घाबरट आहे. एका दमात जात नाही, दर दोन बोटांवर थबकते, इकडे-तिकडे बघते, मग पुढे सरकते. मला ती कधीच आवडली नव्हती. मला हवी होती लांब, सपासप जाणारी, एका फटकाऱ्यात घोडा उभा करणारी रेघ. तशी रेघ असलेल्यांची चित्रं समोर ठेवून मी पानंच्या पानं गिरवली. गिरवताना यायची. पान बाजूला केलं की पुन्हा माझीच.

रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी विसाव्या शतकात माणसाच्या हालचालींचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट अशी, की एकच शब्द माणसाने नेहमीप्रमाणे बोटांत पेन धरून लिहिला, खांद्यापासून हात हलवून मोठ्या अक्षरांत लिहिला, एवढंच काय पेन्सिल पायाला बांधून किंवा तोंडात धरून लिहिला, तरी त्याचं वळण ओळखू येतं. स्नायू वेगळे, सांधे वेगळे, अक्षर त्याच माणसाचं. म्हणजे वळण बोटांत नसतं. ते त्याच्या बरंच मागे, बरंच आत कुठेतरी ठरतं आणि मिळेल त्या अवयवातून बाहेर येतं.

हे वाचल्यावर मी त्या रेघेशी भांडणं सोडून दिलं. जी गोष्ट बोटांच्या इतकी मागून येते तिच्याविरुद्ध बोटांनी लढून काय होणार? आणि खरं सांगायचं तर थबकणारी रेघ काही कामांना बरी पडते. घोडा तिच्याने उभा राहत नाही, पण सुरकुत्या, वाळलेलं पान, दोरीचा पीळ, चुरगळलेला कागद असल्या गोष्टी तिला जमतात, कारण त्या गोष्टीही थबकत थबकतच वळलेल्या असतात. माझा परीघ एवढा आहे. पूर्वी मी याला मर्यादा म्हणत असे आणि तोंड वाकडं करत असे. आता नुसतं परीघ म्हणते.

परीघ म्हटला की जॉर्जो मोरांदीचं नाव यायलाच हवं. हा इटालियन चित्रकार १८९० मध्ये बोलोन्यात जन्मला आणि १९६४ मध्ये तिथेच वारला. लग्न केलं नाही, तीन बहिणींबरोबर राहिला, पोटासाठी तिथल्या कला अकादमीत छापचित्रण शिकवलं. झोपायची आणि कामाची खोली एकच. त्या खोलीत त्याने आयुष्याचा मोठा भाग बाटल्या, डबे, सुरया आणि वाडगे यांची चित्रं काढण्यात घालवला. त्याच त्या बाटल्या. एक जरा डावीकडे, दुसरी तिच्या मागे, कधी दोघींमध्ये बोटभर फट, कधी अंगाला अंग. बाटल्यांवरची लेबलं आणि चकाकी नको म्हणून तो त्यांना आधी रंग फासून घ्यायचा. त्यांच्यावर बसलेली धूळ झटकायचा नाही, कारण धुळीने उजेड मऊ होतो.

ही चित्रं सुरुवातीला मला कंटाळवाणी वाटली. एक बघून पुढे गेले. दुसरं बघून वाटलं, हे मघाशी पाहिलं की. मग केव्हातरी दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि लक्षात आलं, की एका चित्रात मागच्या भिंतीचा आणि टेबलाचा रंग इतका जवळ आला आहे की बाटली कशावर उभी आहे ते कळत नाही. आणि तरी ती पडत नाही. दुसऱ्यात दोन डब्यांमधली फट हीच एक वस्तू झाली आहे. डब्यांइतकीच ठाम. यात देव नाही, प्रार्थना नाही, कुठली खूण नाही. मोरांदीने कुठला संदेशही दिलेला नाही. मला मात्र त्या बाटल्यांपुढे जितकं शांत वाटतं तितकं भल्या भल्या धार्मिक चित्रांपुढे वाटत नाही. काय काढायचं हा प्रश्न त्या माणसाने एकदा मिटवून टाकला आणि मग आयुष्यभर फक्त बघितलं. इतरांच्या दौडीकडे पाहून त्याला कधी घोडा काढावासा वाटला असेल का? असेलही. पण काढल्या बाटल्याच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हिल्मा आफ क्लिंट. ही स्वीडिश चित्रकार १८६२ मधली, स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत रीतसर शिकलेली, निसर्गचित्रं आणि वनस्पतींची चित्रं काढून पोट भरणारी. चार मैत्रिणींबरोबर ती मृतात्म्यांशी आणि अदृश्य शक्तींशी संवाद साधायला बसत असे. तिथे तिला आदेश मिळाला असं ती मानायची, आणि त्यातून १९०६ ते १९१५ या काळात 'मंदिरासाठी' म्हणून तिने १९३ चित्रं केली. काही चित्रं तीन मीटरहून उंच. वर्तुळं, शंखाची वळणं, पाकळ्या. अमूर्त चित्रकलेची सुरुवात ज्यांच्या नावावर लावली जाते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आधीची. ती १९४४ मध्ये गेली. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं कुणाला दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचं प्रदर्शन लागलं तेव्हा सहा लाखांहून जास्त लोक ते बघून गेले.

आत्मे-बित्मे मला पटत नाहीत. पण तिला हसावंसंही वाटत नाही. सुरुवातीच्या चित्रांबद्दल ती म्हणायची की हात माझा, चालवणारं दुसरंच कुणी. आपल्या कानांना हे अजिबात परकं नाही. बोलणारा मी नव्हे, बोलवता धनी वेगळा, हे तुकोबा सांगून गेलेच आहेत. पण एक बाब अशी, की धनी वेगळा असला तरी अभंगाचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा तोल तुकोबांनाच सांभाळावा लागला. यमक जुळवायला धनी खाली आला नाही. हिल्मासुद्धा हातात कुंचला घ्यायच्या आधी अकादमीत वर्षानुवर्षं घासून तयार झालेली होती. आणि नंतरची कित्येक वर्षं तिने वह्यांची हजारो पानं भरत घालवली. आपण जे काढलं त्याचा अर्थ काय, हे तिला स्वतःलाच शोधायचं होतं. मला तिच्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हे. आधी होऊ दिलं, मग समजून घ्यायला बसली.

हा धनी कोण, हा वाद मी सोडवू शकत नाही. तो परमेश्वर असेल, बर्नस्टाइनचं ते मागचं ठिकाण असेल, आणखी काही असेल. मला त्याचा व्यवहारी उपयोग फार वाटतो. ती इंच-दीड इंच चांगली रेघ पूर्णपणे माझी नाही असं एकदा मानलं, की करंगळीच्या सहा पेरांचंही सगळं बिल माझ्या नावावर फाटत नाही. श्रेय थोडं सैल सोडलं की नामुष्कीची पकडही तितकीच सैल होते. दोन्ही एकाच मुठीत असतात. रोज टेबलाशी बसणं, पेन्सिलीला टोक काढणं, सावकाश जाणं एवढं माझ्याकडे. बाकीचं येईल तेव्हा येईल. बहुतेक दिवशी येत नाही, हेही सांगून टाकते. बहुतेक दिवशी नुसताच खेकडा.

काही जण म्हणतात, यात धोका आहे. सगळंच स्वीकारायचं म्हटलं तर माणूस सुधारणार कसा? वाईट चित्राला 'माझा परीघ' म्हणून मिरवायची सोय होईल. आक्षेप रास्त आहे. वाईट चित्र वाईटच असतं, ते मन लावून काढलं म्हणून चांगलं होत नाही, आणि दुसऱ्याने ते भिंतीवर लावावं अशी अपेक्षा तर मुळीच करू नये. म्हणूनच त्या परीक्षकाला मी कायमचं घालवलेलं नाही. त्याची नजर तयार आहे, त्याने खूप पाहिलेलं आहे, आणि काय फाडायचं, काय ठेवायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. भांडण फक्त वेळेचं आहे. रेघ चालू असताना त्याने तोंड उघडायचं नाही. काम संपलं की मी त्याला स्वतः हाक मारते, खुर्ची देते, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घेते. हल्ली त्याचा आवाजही जरा बदलला आहे. पूर्वी तो माझ्याबद्दल बोलायचा, आता बरेचदा चित्राबद्दल बोलतो.

हा लेख लिहून झाल्यावरही त्याला बोलावलं. त्याने सगळं वाचलं, दोन वाक्यं उडवायला सांगितली, ती उडवली. मग म्हणाला, मोरांदीच्या बाटल्यांवर फार वेळ घालवला आहेस, तेवढ्यात लेख रेंगाळतो.

रेंगाळतो खरा. राहू दे.